उपलब्ध म्हणजे काय? : विद्यापीठ ग्रंथालयांच्या सामाईक ई-पुस्तक योजनेची चिकित्सा



आजचा विषय आहे विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी मिळून चालवायची ई-पुस्तक योजना. सभागृहात ग्रंथपाल बरेच दिसतात, प्राध्यापक थोडे आहेत, आणि विद्यार्थी मागच्या दोन रांगांत बसलेत. मी मुख्यतः त्या मागच्या रांगांचा विचार करून बोलणार आहे. योजना त्यांच्या नावाने होतात आणि बैठकीला मात्र त्यांच्यातलं कुणी नसतं.

पहिली गोष्ट, ही कल्पना नवी नाही. एकेका ग्रंथालयाने स्वतंत्रपणे महागडी नियतकालिकं आणि पुस्तकं घेण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून घ्यावीत, हा विचार आपल्याकडे तीस वर्षांहून जुना आहे. १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘इन्फ्लिबनेट’ प्रकल्प सुरू केला. पुढे ते गांधीनगरचं स्वतंत्र केंद्र झालं. २००३ च्या डिसेंबरात विद्यापीठांसाठी यूजीसी-इन्फोनेट संघ आला. महाविद्यालयं त्यात नव्हती. ती उणीव भरून काढायला ४ मे २०१० रोजी ‘एन-लिस्ट’ आलं. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा, भूम इथल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने सामाईक ई-पुस्तक योजना म्हणजे हे एन-लिस्ट. अनुदान आयोगाच्या यादीतल्या महाविद्यालयाने वर्षाला ५,९०० रुपये भरायचे आणि त्या बदल्यात सहा हजारांवर नियतकालिकं व १,९९,५०० वर ई-पुस्तकं. शिवाय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयामार्फत आणखी सहा लाख.

हे आकडे ऐकून कोणीही म्हणेल, मग अजून काय पाहिजे? महिन्याला पाचशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. एका चांगल्या इंग्रजी संदर्भग्रंथाची किंमत याच्या दुप्पट असते. मी हे उपहासाने म्हणत नाही. ज्याने ही योजना आखली त्याने देशाचा पैसा वाचवला, आणि संशोधन करणाऱ्या कितीतरी प्राध्यापकांना गावात बसून असे लेख मिळाले की ज्यांच्यासाठी आमच्या काळी पुण्या-हैदराबादला जाऊन मुक्काम करावा लागे. पण आपण इथे कौतुक समारंभाला जमलेलो नाही.

माझा आक्षेप एका शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘उपलब्ध’. प्रत्येक अहवालात तो असतो. ‘ग्रंथालयात दोन लाख ई-पुस्तके उपलब्ध.’ महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात, संकेतस्थळावर, फलकावर. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचा जो भाग आहे त्यात विचारतात: ई-नियतकालिकं, ई-पुस्तकं, शोधसिंधू, शोधगंगा यांची वर्गणी आहे का? आहे असं दाखवलं की गुण. मग काय होतं, मूल्यांकनाचं वर्ष जवळ आलं की वर्गणी भरली जाते, पावती फाइलला लागते, आणि पावती लागली की पुस्तकं ‘उपलब्ध’ झाली. दैनंदिन वापर किती, असाही प्रश्न त्याच मूल्यांकनात आहे. त्याचं उत्तर कसं तयार होतं ते पुढे बसलेल्या मंडळींना मी सांगायची गरज नाही. (हशा)

आता तत्त्वज्ञानवाल्याला बोलावलंय तर थोडं तत्त्वज्ञान ऐकून घ्या. आपल्या परंपरेत ‘अनुपलब्धि’ नावाचं एक प्रमाण मानलं आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ते स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानत नाहीत; तो वाद सोडून देऊ. प्रश्न असा की, जमिनीवर घट नाही हे आपल्याला कसं कळतं? घट दिसत नाही, यावरून कळतं. पण खोलीत काळोख असेल तर? तेव्हाही घट दिसत नाहीच, पण त्यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. म्हणून शास्त्रकारांनी अट घातली, ती ‘योग्य’ अनुपलब्धि हवी. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती पाहिजे. प्रकाश हवा, डोळे शाबूत हवेत, मध्ये भिंत नको. या अटी पुऱ्या होऊनही घट दिसला नाही, तरच घटाचा अभाव सिद्ध होतो.

आता हे ई-पुस्तकांना लावून बघा. ग्रंथालयं वापराची आकडेवारी काढतात. अमुक महाविद्यालयात वर्षभरात फारच थोडी पुस्तकं उघडली गेली. त्यावरून बैठकीत निष्कर्ष निघतो की ग्रामीण विद्यार्थ्याला वाचनाची आवड नाही, ई-पुस्तकांची मागणीच नाही. हा निष्कर्ष काळोख्या खोलीतला आहे. विद्यार्थ्याला लॉगिन दिलं होतं का? लॉगिन देणारा पूर्णवेळ ग्रंथपाल होता का, की पद रिकामं आणि कारभार लिपिकाकडे? अशी सुविधा आहे हे त्याला कुणी सांगितलं का? आणि सगळ्यांत मोठी अट: ते पुस्तक त्याला वाचता येणाऱ्या भाषेत होतं का? या अटी पुऱ्या झाल्या नसतील तर वापर शून्य आहे एवढंच खरं. मागणी शून्य आहे हे त्यातून निघत नाही.

दोन लाख पुस्तकांत कोणाची पुस्तकं आहेत? केंब्रिज, ऑक्सफर्ड, स्प्रिंगर, टेलर अँड फ्रान्सिस. उत्तम पुस्तकं. पण आपल्या जिल्ह्यातल्या कला शाखेतली बहुसंख्य मुलं मराठीतून शिकतात, मराठीतून पेपर लिहितात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्र घेतलेल्या मुलीला कांट समजून घ्यायचाय. तिच्यासमोर कांटवरची शेकडो इंग्रजी पुस्तकं ‘उपलब्ध’ आहेत. ती काय करते? बाजारातून गाइड आणते आणि कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स काढते. तिला दोष देणारे मी पुष्कळ ऐकले. पण मी उलट विचारतो, त्या गाइडशिवाय तिच्या हाताला लागेल असं मराठी पुस्तक आपण तिच्यापुढे ठेवलं होतं का?

आणि हीच मुलगी मोबाइलवर मराठी विश्वकोश उघडते. हे मी स्वतः पाहतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी काही मुलं शंका घेऊन घरी येतात, आणि विश्वकोशातली नोंद दाखवून ‘सर, हे वाक्य कळलं नाही’ म्हणतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभ्या केलेल्या त्या कामाचे वीस खंड आज कुणालाही लॉगिनशिवाय, पैशाशिवाय, युनिकोड मराठीत मिळतात. शोधता येतात. नेट मंद असलं तरी उघडतात. तिथे कुठलं प्रशिक्षण शिबिर घ्यावं लागलं नाही. ई-वाचनाची सवय नाही म्हणतात त्या मुलांबद्दल मी बोलतोय, बरं का.

भाषेचा आणि पुस्तकांचा हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू. मराठी माणसावर तो अन्याय होता, त्यावर दुमत नाही. पण त्या लोकांनी क्रम कसा लावला ते बघा. विद्यापीठाच्या आधी, १९१७ मध्ये, भाषांतराचं खातं काढलं, दारुल तर्जुमा. वर्ग १९१९ ला भरले. म्हणजे आधी पुस्तकांची तजवीज, मग विद्यार्थी. वैद्यक, अभियांत्रिकी, इतिहास, तत्त्वज्ञान, सगळ्यांसाठी उर्दू ग्रंथ तयार करायला माणसं पगारावर नेमली. आपण भाषा बदलली ते योग्यच केलं. १९५८ साली औरंगाबादला आपलं विद्यापीठ झालं, मुलं मराठीतून शिकू लागली. पुस्तकांची तजवीज मात्र मागे राहिली.

अगदीच झाली नाही असं नाही. आणि इथे मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने प्रत्येक राज्याला प्रादेशिक भाषांत विद्यापीठ पातळीची पुस्तकं काढायला एक कोटी रुपये देण्याची योजना केली. त्या काळचे एक कोटी! त्यातून आपल्याकडे नागपूरचं महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभं राहिलं. माझ्या पिढीचे तत्त्वज्ञानाचे मराठी प्राध्यापक या मंडळाच्या पुस्तकांवर वाढले. ग. ना. जोशी यांचे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे तीन खंड हे त्याचं ठळक उदाहरण. त्यात कांट आहे, पूर्ण मराठीत आहे, आणि विद्यार्थ्याला समजेल असा आहे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, विज्ञान या विषयांचीही पुस्तकं होती. गुजरातने त्याच काळात काढलेलं युनिव्हर्सिटी ग्रंथनिर्माण बोर्ड आजही गुजरातीत पुस्तकं काढतंय. आपल्या मंडळाचं पुस्तक हवं असेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधा, नाहीतर एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या कपाटात.

त्या कपाटांबद्दलही सांगतो. मी जिथे काही काळ शिकवलं अशा एका महाविद्यालयात जागा नाही म्हणून जुनी पुस्तकं निर्लेखित केली. निर्लेखन हा कार्यालयीन शब्द. अर्थ एवढाच की रद्दीत घातली. त्या ढिगात मंडळाची पुस्तकं होती, आणि १९७४ च्या तत्त्वज्ञान महाकोशाचा, वाडेकरांनी संपादित केलेल्या, एक खंड होता. निकष काय, तर गेल्या पाच वर्षांत कुणी नेलं नाही. पुन्हा तीच काळोखी खोली! पुस्तक बंद कपाटात, यादी हस्तलिखित, कपाटाची किल्ली एकाकडे, आणि म्हणायचं कुणी मागितलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. मराठवाड्यातल्या, खरं म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना एकत्र येऊन ई-पुस्तक योजना करायची असेल तर आणखी एका परदेशी प्रकाशकाशी करार करून तिची सुरुवात होऊ नये. जनतेच्या पैशातून आधीच लिहून घेतलेली, छापलेली आणि आता गायब झालेली ही मराठी पुस्तकं तिचा पहिला साठा व्हावीत. यांचे हक्क कोणाकडे आहेत, शासनाकडे की लेखकांच्या वारसांकडे, हे करार काढून एकेका पुस्तकाचं पाहावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण अशक्य नाही; एखादं विद्यापीठ दोन माणसं वर्षभर यावर बसवू शकतं. ज्यांचे हक्क शासनाचे निघतील ती लगेच खुली करता येतील. वारसांकडे असतील तर मला खात्री आहे, बहुतेक वारस वडिलांचं पुस्तक पुन्हा वाचलं जातंय म्हटल्यावर अडवणार नाहीत. आणि लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षं होऊन गेली की आपल्या कायद्याने पुस्तक सर्वांचं होतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मर्ढेकर १९५६ ला गेले, साने गुरुजी १९५० ला. मराठीच्या अभ्यासक्रमातला मोठा भाग असा आधीच मोकळा झालेला आहे.

फक्त स्कॅन करून टाकून देऊ नका. तो धडा आपण एकदा शिकलोय. या शतकाच्या सुरुवातीला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ झाली. हजारो जुनी मराठी पुस्तकं स्कॅन झाली, मोठं काम. पण नोंदी कशा? मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत, तेही वाटेल तसं. ‘ज्ञानेश्वरी’ची स्पेलिंगं किती प्रकारांनी करता येतात याचा तो कोशच आहे. शोधणाऱ्याला पुस्तक सापडणार कसं? पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं. त्यातली बरीच पुस्तकं आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत म्हणून वाचली, अन्यथा तीही गेली असती. पुस्तकाचं चित्र काढणं हे निम्मंसुद्धा काम नाही. देवनागरीत नीट नोंद हवी, विषय हवा, आणि मजकूर युनिकोडमध्ये हवा. अलीकडची पुस्तकंसुद्धा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात जुळवलेली आहेत. त्यांच्या पीडीएफमध्ये ‘कर्तव्य’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे भलतीच अक्षरं असतात. अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला तर ते पुस्तक म्हणजे कोरी पाटी. दृष्टिहीनांसाठी पुस्तक वाचनीय रूपात आणायला २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात सोय केली आहे, मराकेश करार स्वीकारणारा भारत जगात पहिला देश होता. कायदा आहे, पण मराठी पाठ्यपुस्तकांचं काय, हा प्रश्न उरतोच.

आता मालकीबद्दल. छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेतं आणि ते ग्रंथालयाचं होतं. ई-पुस्तकाच्या बाबतीत बहुतेक वेळा आपण परवानगी विकत घेतो. वर्गणी थांबली की परवानगी संपली. दहा वर्षं वर्गणी भरलेल्या महाविद्यालयाने अकराव्या वर्षी भरली नाही तर त्याच्या हाती दहा पावत्या उरतात. शिवाय परवानगीला कुंपण असतं. आपलं परंडा आणि सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी, मध्ये फारसं अंतर नाही. परंड्याचा मुलगा बार्शीच्या महाविद्यालयात जाऊन तिथल्या ग्रंथपालांना विनंती करून टेबलावर बसून छापील पुस्तक वाचू शकतो. मीही तसं वाचलेलं आहे. पण बार्शी सोलापूर विद्यापीठात आणि परंडा आपल्या विद्यापीठात. ई-पुस्तकाचा करार एका विद्यापीठाचा असला तर त्या मुलासमोर ते उघडणार नाही. एका ग्रंथालयाने दुसऱ्याला पुस्तक उसनं देणं ही जी जुनी रीत, तिला असे करार सहसा जागा ठेवत नाहीत. म्हणजे एकत्र येण्यासाठी केलेली योजना विद्यापीठाच्या हद्दीवर येऊन थांबते. म्हणून करार करायचाच तर संभाजीनगर, नांदेड, सोलापूर यांनी मिळून करावा. आपल्या जिल्ह्याची भौगोलिक गोष्टच अशी आहे की आपल्याला विद्यापीठाच्या मुख्यालयापेक्षा सोलापूर आणि लातूर जवळ पडतं.

अमेरिकेत एक पद्धत निघाली होती, मागणीनुसार खरेदीची. ग्रंथालयांचा संघ हजारो ई-पुस्तकांची नुसती यादी वाचकांपुढे ठेवतो. वाचकाने उघडलं तर थोडं भाडं द्यायचं, आणि ठरावीक वेळा उघडलं गेलं की ते सगळ्यांसाठी कायमचं विकत घ्यायचं. कल्पना सुंदर आहे, वाचकच खरेदी ठरवतो. पण २०१४ च्या सुमारास अनेक प्रकाशकांनी ते अल्पमुदतीचं भाडं एकदम वाढवलं आणि ग्रंथालयांची अंदाजपत्रकं कोसळली. प्रकाशकांचं म्हणणंही समजण्यासारखं होतं, पुस्तक वाचलं जात होतं आणि विकलं जात नव्हतं. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी आणा असं म्हणणारे आहेत. मला ती इथे चालेल असं वाटत नाही. मराठी पुस्तकांची अशी मोठी यादी पुरवणारा मधला व्यापारीच नाही. आणि यादीत मराठी नसेल तर वाचकाची निवड म्हणजे इंग्रजीतून इंग्रजीची निवड.

केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं. पहिल्या टप्प्यात सरकारी संस्था. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांची, अनुदानित. ती त्या चौकटीत सहज बसत नाहीत. पण त्याहून मोठी गोष्ट, ही योजना नियतकालिकांची आहे. विज्ञानाचा संशोधक नियतकालिकावर जगतो. मराठी माध्यमाचा कला शाखेचा विद्यार्थी पुस्तकावर जगतो. सहा हजार कोटींत त्याचं पुस्तक नाही. त्याच वर्षी जुलैत ‘अस्मिता’ प्रकल्पही जाहीर झाला, पाच वर्षांत भारतीय भाषांत २२,००० पुस्तकं. चांगलं आहे. पण नवी बावीस हजार लिहून घेण्याआधी पन्नास वर्षांपूर्वी लिहून घेतलेली कुठे गेली, हे कुणीतरी विचारायला हवं ना?

काही आक्षेपांची उत्तरं देतो. पहिला नेहमीचा: ‘सर, तुम्ही मुलांना मराठीत अडकवून ठेवताय.’ मी पीएच.डी.साठी इंग्रजीतच वाचलं, इंग्रजी वाचू नका असं मी कधी म्हणणार नाही. पण कांट काय विचारतोय हे ज्याला मराठीत उमगलंय तो इंग्रजी कांटपर्यंत पोचतो. ज्याला दोन्हीकडे काही कळलं नाही तो गाइडकडे जातो. एन-लिस्ट बंद करा असं माझं म्हणणं नाहीच, ते प्राध्यापकांना आणि संशोधकांना हवंच.

दुसरा आक्षेप हल्लीचा. ‘आता यंत्र भाषांतर करतं, मग मराठी पुस्तकांची गरज काय?’ मी करून पाहिलं. ‘सबस्टन्स’ला एका पानावर ‘पदार्थ’, दुसऱ्यावर ‘सार’, तिसऱ्यावर ‘द्रव्य’. वैशेषिकात पदार्थ आणि द्रव्य यांत काय फरक आहे हे ज्याला माहीत आहे त्याला याची गंमत कळेल. ज्याला माहीत नाही तो विद्यार्थी तीन वेगळ्या गोष्टी समजून पाठ करेल. भाषा संचालनालयाचा तत्त्वज्ञान व तर्कशास्त्राचा परिभाषा कोश आहे, मंडळाच्या पुस्तकांनी एक परिभाषा रुळवली आहे. ती पुस्तकं वाचनीय रूपात असतील तर उद्या यंत्रालाही नीट मराठी शिकता येईल. यंत्राचा राग नाही मला.

(व्याख्यानानंतर एका ग्रंथपालांनी विचारले: जुनी पुस्तके ठीक, पण आजच्या मराठी प्रकाशकांची पुस्तके कशी घ्यायची? ते ई-पुस्तक द्यायला तयार नसतात. आणि पैसे कोण देणार?)

बरोबर आहे तुमचं. प्रकाशक घाबरतो ते उगीच नाही. पीडीएफ एकदा दिली की संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअॅपवर सगळ्या जिल्ह्यात फिरते. संदर्भग्रंथाची आवृत्ती आधीच छोटी, ती विकली जाते ग्रंथालयांना. ग्रंथालयांनी एकत्र येऊन एकच प्रत घ्यायची म्हटलं तर तो बुडेल, आणि तो बुडाला तर पुढचं पुस्तक कोण काढणार? म्हणून त्याला एका प्रतीची किंमत द्यायचीच नाही.

आपण हिशेब मांडू, फळ्यावर मांडतो. हे आकडे धरून चाललेले आहेत, प्रत्यक्षातले नाहीत. समजा चारशे रुपयांचं पुस्तक. समजा चार जिल्ह्यांत मिळून कला शाखेची शंभर महाविद्यालयं योजनेत आली. आज त्या पुस्तकाच्या यांना वीस-पंचवीस प्रती जात असतील, त्यातही सवलत, विक्रेत्याचं कमिशन, आणि बिल वर्षभर थकलेलं. आपण म्हणायचं, पन्नास प्रतींची पूर्ण किंमत देतो, वीस हजार, एकदाच आणि रोख. छपाई नाही, वाहतूक नाही. बदल्यात या शंभर महाविद्यालयांना कायमचा वाचनहक्क. प्रकाशकाने छापील पुस्तक विकत राहावं, ज्या ग्रंथालयाला हवं ते घेईल. महाविद्यालयाच्या वाट्याला दर पुस्तकाचे दोनशे रुपये येतात. प्रत्येकाने वर्षाला दहा हजार काढले तर दहा लाख होतात, म्हणजे वर्षाला पन्नास पुस्तकं, पाच वर्षांत अडीचशे. अडीचशे निवडक मराठी संदर्भग्रंथ, वर्गणी थांबली तरी न जाणारे. दोन लाखांपुढे हा आकडा दिसायला फारच गरीब आहे, नॅकच्या तक्त्यात शोभणार नाही. (हशा) पण बी.ए., एम.ए.च्या सगळ्या विषयांना ते बऱ्यापैकी पुरतील.

निवड मात्र विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्रात बसून करू नका. केंद्राने करार करावा, सर्व्हर सांभाळावा. निवड शिकवणाऱ्यांनी आणि तुम्ही ग्रंथपालांनी करावी. दरवर्षी कुठल्या पुस्तकाची किती झेरॉक्स निघते हे महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. पहिली यादी करताना त्याला जाऊन विचारा, मी गंभीरपणे सांगतोय. आणि झेरॉक्सचा विषय निघालाच म्हणून, २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने रामेश्वरी फोटोकॉपीच्या खटल्यात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विरोधात निकाल दिला होता. शिक्षणाच्या ओघात अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतले भाग काढून देणं कायद्याच्या अपवादात बसतं, असं न्यायालय म्हणालं. त्या निकालाचा आधार घेऊन इलेक्ट्रॉनिक रूपात किती पुढे जाता येईल, यावर विद्यापीठाच्या विधी विभागाकडून लेखी मत मागवा. ते पत्र तुमच्यापैकी कुणीही या आठवड्यात पाठवू शकतं.